फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिव्यापलीकडचे आयुष्य

दरवर्षी 12 मे हा दिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने अनेक परिचर्या महाविद्यालयांत विद्यार्थिनी हातात पणती किंवा मेणबत्ती घेऊन सेवेची शपथ घेतात, वृत्तपत्रांतून एक जुने चित्र छापून येते आणि शाळेत शिकलेला धडा आपल्याला पुन्हा आठवतो. रुग्णालयाच्या अंधाऱ्या दालनातून हातात दिवा घेऊन चाललेली एक सडपातळ स्त्री आणि तिच्याकडे कृतज्ञतेने पाहणारे जखमी सैनिक, असे ते चित्र आहे. ते खोटे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रात्रीच्या त्या फेऱ्या खरोखरच मारल्या होत्या. परंतु नव्वद वर्षांच्या दीर्घ आयुष्यातील जेमतेम एकवीस महिने त्या युद्धकाळातील रुग्णालयांत होत्या. उरलेल्या आयुष्यात त्यांनी जे केले, जे सोसले आणि ज्या कटू सत्याला त्या सामोऱ्या गेल्या, ते त्या दिव्याच्या उजेडाबाहेरच राहिले आहे. आपल्या घरात कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले असते, कोणाचे तरी मन खचलेले असते आणि त्यांच्या उशाशी कोणीतरी जागत असते. अशा प्रत्येक घराला हा उरलेला भाग अधिक जवळचा वाटावा असा आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीत झाला. तिचे इंग्रज आईवडील विवाहानंतर युरोपच्या प्रदीर्घ प्रवासाला निघाले होते. ज्या गावी मूल जन्मले त्या गावाचे नाव मुलाला द्यावे, असा त्यांचा हौशी परिपाठ होता. थोरली मुलगी नेपल्समध्ये जन्मली म्हणून त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी ठेवण्यात आले, आणि धाकटी फ्लॉरेन्स झाली. घर अतिशय श्रीमंत होते. डर्बीशायरमध्ये उन्हाळ्यासाठी एक वाडा होता आणि हॅम्पशायरमध्ये एम्बली पार्क नावाचा दुसरा होता. वडील विल्यम नाइटिंगेल विद्याव्यासंगी होते. त्यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे होता. आकड्यांत तिचे मन रमे, कोष्टके पाहून तिला विसावा मिळे. आई फॅनी हिला आपल्या मुलींनी उत्तम घराण्यांत पडावे, मेजवान्यांत शोभून दिसावे, एवढीच आस होती.

वयाच्या सोळाव्या वर्षी, 7 फेब्रुवारी 1837 रोजी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे अशी जाणीव फ्लॉरेन्सला झाली. ती सेवा कोणती, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. खेड्यातील गरीब आजाऱ्यांच्या झोपड्यांतून फिरताना आपली वाट तिला दिसू लागली. 1845 मध्ये जवळच्या सॉल्झबरी येथील रुग्णालयात राहून रुग्णसेवा शिकण्याची इच्छा तिने घरी बोलून दाखविली आणि घरात वादळ उठले. आईचा संताप अनावर झाला, बहिणीला मूर्च्छा येऊ लागल्या. त्या काळाचा विचार करता हा विरोध अगदीच अनाकलनीय नव्हता. रुग्णालये कोंदट आणि दुर्गंधीयुक्त असत. तेथे काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित, निराधार आणि मद्याच्या आहारी गेलेल्या म्हणून बदनाम होत्या. चांगल्या घरच्या मुलीने तेथे जाणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, असाच समज होता.

पुढची आठ वर्षे तिने घरातच काढली. पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात, ती सरकारी अहवाल आणि युरोपातील रुग्णालयांची माहिती वाचून काढी, टिपणे करी, आणि न्याहरीच्या वेळी पुन्हा घरातील लाडकी मुलगी होऊन खाली येई. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स या सुसंस्कृत कवी-राजकारण्याने तिला मागणी घातली होती. तिला तो आवडतही होता. तरीही 1849 मध्ये तिने त्याला नकार दिला. या काळात तिच्या मनाची अवस्था फार बिकट झाली होती. जगण्याची इच्छा नाहीशी व्हावी इतकी खोल निराशा तिने अनुभवली. सुखवस्तू घरातील बुद्धिमान स्त्रियांना रिकामपण कसे आतून पोखरते, यावर तिने पुढे 'कॅसँड्रा' हा निबंध लिहिला, तो या अनुभवातूनच. रुग्णाच्या शरीराइतकीच त्याच्या मनाचीही शुश्रूषा करावी लागते हे त्यांना पुढे इतके नेमके सांगता आले, त्यामागे या आठ वर्षांचा वाटा मोठा असावा.

अखेर 1851 मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे, पास्टर फ्लीड्नर यांच्या सेवाश्रमात, तिला तीन महिने शिक्षण घेता आले. 1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीट परिसरातील, आजारी पण परिस्थितीने गांजलेल्या कुलीन स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. वडिलांनी तिला वर्षाला पाचशे पौंडांची नेमणूक करून दिली आणि घरचा विरोध निदान उघडपणे तरी मावळला. येथून पुढे तिला नाइटिंगेलबाई म्हणणे योग्य होईल. आल्याबरोबर बाईंनी प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी खेळविले, जेवण वर नेण्यासाठी सरकते कपाट बसवून घेतले आणि रुग्णाने घंटा वाजविली की ती कोणाची हे परिचारिकेला दुरूनच कळावे अशी योजना मागितली. परिचारिकेचे पाय जिन्यावर झिजले तर रुग्णाजवळ थांबायला तिला वेळ कोठून मिळणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मार्च 1854 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. क्रिमियातील जखमी सैनिकांची जी दैना झाली होती, तिचे वर्णन 'टाइम्स'च्या बातमीपत्रांतून इंग्लंडभर पोहोचले आणि जनमत खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून 21 ऑक्टोबर 1854 रोजी अडतीस स्त्रियांना घेऊन बाई निघाल्या आणि 4 नोव्हेंबर रोजी इस्तंबूलसमोरील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील लष्करी बराकीचेच रुग्णालय करण्यात आले होते. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. बाईंनी वाद घातला नाही. बोलावल्याखेरीज एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावू नये, असा कडक हुकूम त्यांनी आपल्याच तुकडीला दिला. मग इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचे लोंढेच्या लोंढे आले आणि डॉक्टरांना त्यांची गरज भासली.

आपल्याजवळच्या आणि देणगीच्या पैशांतून बाईंनी सदरे, मोजे, ताटल्या, घासण्याचे ब्रश विकत घेतले. कपडे उकळत्या पाण्यात धुण्याची व्यवस्था उभारली, पथ्याच्या अन्नासाठी वेगळा मुदपाकखाना सुरू केला. मरणाऱ्या सैनिकांच्या घरी त्यांनी स्वतः पत्रे लिहिली. बरे होणाऱ्यांसाठी वाचनालय काढले, आणि दारूत जाणारा पगार घरी पाठविण्याची सोय करून दिली. सैनिक त्यांना देवदूत मानू लागले.

तरीही सैनिक मरत राहिले. सर्वसामान्य चरित्रे येथे अडखळतात. बाई आल्या आणि मृत्यू थांबले, असे घडले नाही. त्या हिवाळ्यात स्कुटारीच्या रुग्णालयात चार हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेक जखमांनी नव्हे तर पटकी, हगवण, टायफस आणि विषमज्वराने गेली. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 च्या घरात होते. मार्चमध्ये लंडनहून आरोग्य आयोग आला. त्याने पाहिले की ती भव्य इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी आहे आणि पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर कुजत पडले आहे. आयोगाने गटारे धुऊन काढली, पाण्याचा मार्ग स्वच्छ केला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

बाई 1856 च्या ऑगस्टमध्ये, सत्कार टाळण्यासाठी दुसरे नाव धारण करून, गुपचूप मायदेशी परतल्या. तोपर्यंत त्या इंग्लंडच्या घराघरांत पोहोचल्या होत्या. मिळालेल्या कीर्तीवर उरलेले आयुष्य आरामात घालविणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्या संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृतांच्या नोंदी घेऊन बसल्या. त्या आकड्यांतून जे निघाले ते त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयाविरुद्धही होते. स्कुटारीत मृत्यूचे प्रमाण इतर लष्करी रुग्णालयांपेक्षा अधिक होते. माया, जागरणे, धुतलेले कपडे आणि गरम पेज यांना आपापले मोल होते, पण पायाखालचे गटार तुंबलेले असताना ते मोल अपुरे पडले होते. त्यांनी हे सत्य दडविले नाही. शांततेच्या काळातही बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. मंत्र्यांना कोष्टके वाचण्याचा कंटाळा येतो हे ओळखून त्यांनी वर्तुळाकार, पाकळ्यांसारख्या आकृत्या काढल्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा आणि काळा इतर कारणांचा होता. निळ्या रंगाने व्यापलेली ती आकृती पाहताच मूर्खालाही अर्थ कळावा. 1858 मध्ये संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

1859 च्या अखेरीस त्यांचे परिचर्येवरील छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते व्यावसायिक परिचारिकांसाठी लिहिलेलेच नव्हते. प्रत्येक स्त्रीवर आयुष्यात केव्हा ना केव्हा कोणाचे तरी आजारपण काढण्याची वेळ येते, तिला विचार करायला मदत व्हावी म्हणून ते लिहिले होते. त्यातील सांगणे आजही ताजे आहे. रुग्णाच्या खोलीत बाहेरची स्वच्छ हवा यावी, पण त्याला गारठा लागू नये. दाराबाहेर कुजबुज करू नये, कारण अर्धवट ऐकू येणाऱ्या शब्दांनी आजारी माणूस मोठ्या आवाजापेक्षा अधिक घाबरतो. पहिल्या झोपेतून त्याला कधी उठवू नये. न खाल्लेले ताट पुढे खाईल या आशेने उशाशी ठेवू नये. तो कोणत्या वेळी दोन घास खाऊ शकतो ते हेरून त्याच वेळी अन्न द्यावे. आपण नसताना आपले काम कोण करील याची आधीच तजवीज करावी, कारण आपण एकट्यानेच सारे करण्याच्या हट्टापायी रुग्णाची आबाळ होते. निरीक्षणावर त्यांचा विशेष भर होता. रात्र बरी गेली का, एवढे विचारून काहीच कळत नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी मोडली, हे विचारावे लागते.

मनाच्या शुश्रूषेविषयी त्यांनी जे लिहिले त्याला तर त्या काळी तोड नव्हती. निरोगी माणूस कामाच्या ओघात दुःखद विचार बाजूला सारू शकतो. अंथरुणावर पडलेल्याला ते जमत नाही. त्याच चार भिंती, तेच छत पाहून त्याचे मन एकाच जागी फिरत राहते. म्हणून त्याला खिडकीतून बाहेरचे दिसावे, जवळ रंगीत फुले असावीत, हाताला झेपेल असे काही काम असावे. अनिश्चितता, वाट पाहणे आणि अचानक काही घडेल ही धास्ती यांनी रुग्ण जितका थकतो तितका श्रमानेही थकत नाही. भेटायला येणाऱ्यांनी त्याच्या नजरेसमोर बसावे, घाई दाखवू नये, आणि तुला काही झालेलेच नाही अशी पोकळ उमेद तर मुळीच देऊ नये. त्या शब्दांनी रुग्ण आपल्या दुःखात अधिकच एकटा पडतो. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला जाण्याची रीत फार जुनी आहे. ही एवढी शिकवण जरी आपण पाळली, तरी अनेक खचलेल्या जिवांना आधार मिळेल.

युद्धकाळात जनतेने बाईंच्या गौरवार्थ सुमारे 45 हजार पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात पंधरा विद्यार्थिनी होत्या. तेथे शिकलेल्या स्त्रिया पुढे दूरदूरच्या देशांत गेल्या आणि ज्या कामाला कुलीन घरे नाके मुरडत ते एक सन्मान्य शिक्षित व्यवसाय बनले. 1865 मध्ये लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या रुग्णालयातही शिकलेल्या परिचारिका नेमण्यात आल्या. त्यांच्या प्रमुख ॲग्नेस जोन्स तीनच वर्षांत टायफसने गेल्या, पण गरिबालाही जाणत्या शुश्रूषेचा हक्क आहे हे तत्त्व रुजले.

हिंदुस्थानशी बाईंचा संबंध सुमारे चाळीस वर्षांचा होता, आणि गंमत अशी की त्या येथे कधीच आल्या नाहीत. येथील गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी 1859 मध्ये शाही आयोग नेमण्यात आला. बाईंनी लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावल्या पाठविल्या आणि आलेल्या ढीगभर उत्तरांचा अभ्यास केला. सिकंदराबादसारख्या छावण्यांतील गर्दी आणि रोगराई त्यांनी लंडनच्या खोलीत बसून जाणली. दर हजारी 69 सैनिक वर्षाला मरतात, असे 1863 च्या अहवालात दिसले. पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्यावर 1870 नंतरच्या काही वर्षांत हे प्रमाण 18 पर्यंत खाली आले. परंतु सैनिकांपासून सुरू झालेला हा विचार हळूहळू रयतेपर्यंत पोहोचला. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन आणि बेळगाव-धारवाडचा मुलूख होरपळला, तेव्हा पाटबंधारे, शेतकऱ्यांचे कर्ज आणि सावकारी यांवर त्यांनी परखडपणे लिहिले. उपाशी माणसाला आरोग्याचे धडे देऊन उपयोग नाही, हे त्यांना पटले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या, दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. याच मलबारी आणि गिडुमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले आणि पुढे ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तेथील विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया परिचर्या शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

हे सारे काम बाईंनी बव्हंशी पलंगावरून केले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मे 1855 मध्ये क्रिमियात त्यांना भयंकर ताप आला होता आणि त्या मरणाच्या दारातून परतल्या होत्या. तो ताप त्यांच्या शरीरातून पुरता कधी गेलाच नाही. आजचे अभ्यासक त्याला दूषित दुधातून येणारा ब्रुसेलोसिस मानतात. 1857 पासून पाठीच्या असह्य वेदना, धडधड, निद्रानाश आणि दीर्घ नैराश्य यांनी त्यांना ग्रासले. काही वर्षे तर त्यांना उचलून दुसऱ्या खोलीत न्यावे लागे. भोवती मांजरे आणि कागदांचे ढीग असत, भेटायला येणाऱ्याला एकेकट्यालाच प्रवेश मिळे. त्यांच्या चुकाही होत्या. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी उशिरा स्वीकारला, परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी विरोध केला. सोबत काम करणाऱ्यांना त्या निर्दयपणे राबवीत. सिडनी हर्बर्ट आजारी असतानाही त्यांच्या तगाद्यातून सुटले नाहीत, आणि 1861 मध्ये ते गेले तेव्हा बाई पार कोलमडल्या.

1874 मध्ये वडील वारले. आईची दृष्टी गेली होती, स्मृतीही मावळत चालली होती. रुग्णसेवेच्या नुसत्या नावाने एके काळी संतापलेल्या त्या मातेजवळ, स्वतः आजारी असलेली मुलगी वर्षानुवर्षे डर्बीशायरच्या घरी जाऊन राहू लागली. हाताशी असलेले राष्ट्रीय काम बाजूला ठेवून, पूर्वीची सगळी कटुता गिळून, तिने आईची अखेरपर्यंत काळजी वाहिली. आई 1880 मध्ये गेली. पुढे संधिवाताने जखडलेल्या पार्थेनोपीची शुश्रूषाही बाईंनी केली. ती बहीण 1890 मध्ये नेमकी 12 मे रोजी, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, वारली. जगाला शुश्रूषा शिकविणाऱ्या या स्त्रीची खरी परीक्षा कदाचित या दोन खोल्यांतच झाली. तेथे वर्तमानपत्रांचे बातमीदार नव्हते, कृतज्ञ सैनिक नव्हते. विसरलेल्या माणसाची पुन्हा पुन्हा तीच सेवा करायची होती.

अखेरच्या वर्षांत त्यांची स्वतःची दृष्टी आणि स्मृतीही गेली. 1907 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण तोवर त्या सन्मानाचा अर्थ त्यांना कितपत उमगला असेल, शंकाच आहे. 13 ऑगस्ट 1910 रोजी लंडनमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत समाधीचा मान त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांशेजारी त्यांना पुरण्यात आले. दगडावर पूर्ण नावही नाही, केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

आज आपल्या रुग्णालयांत रात्रपाळीवर उभ्या असलेल्या परिचारिकेला आपण सिस्टर म्हणून हाक मारतो. तिच्यावर किती रुग्णांचा भार आहे, वॉर्डातील नळाला पाणी आहे की नाही, नोंदवही नीट ठेवली जाते की नाही, हे आपण क्वचितच विचारतो. नाइटिंगेलबाईंनी विचारले असते, आणि उत्तर आकड्यांत मागितले असते. दिव्याला नमस्कार जरूर करावा, पण पायाखालची मोरी तुंबलेली नाही ना, हेही त्याच उजेडात पाहून घ्यावे.